नवीन माणसाला उत्तर द्यायची पण संधी द्या

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मोबाईल-कॉम्प्युटरची अडचण सोडवणारे व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामचे ग्रुप आता पुष्कळ झालेत. कुणी कॉलेजच्या पोरांनी काढलेत, कुणी सीएससी म्हणजे ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी, कुणी गावातल्या एखाद्या हौशी मास्तरांनी. आणि जवळपास सगळ्यांची तक्रार एकच, की भाऊ लोकं येतात, एक प्रश्न विचारतात आणि गायब होतात, आम्ही तेच चार-पाच जण वर्षानुवर्षं उत्तरं देतोय. मग उपाय काय काढतात, तर लिंक अजून फॉरवर्ड करा, स्टेटसला ठेवा, गावच्या ग्रुपवर टाका. माझं स्पष्ट म्हणणं आहे की यातून काही होणार नाही. माणसं आणणं अवघड नाहीच, आज गरजच इतकी आहे की ती आपणहून येतात. ती टिकत नाहीत कारण आपण त्यांना कायम विचारणाऱ्याच्या जागेवर बसवून ठेवतो, सांगणाऱ्याच्या जागेवर कधी येऊच देत नाही.

गरज म्हणजे काय ते आधी बघू, कारण बऱ्याच जणांना अजून हा हौशी लोकांचा विषय वाटतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान त्यासाठी गावात आले होते. तिथून पुढे एकेक काम मोबाईलमध्ये शिरत गेलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली म्हणजे शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढायचा, त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांच्या हातात पोषण ट्रॅकर आलं, २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म, पुढच्या वर्षी तिची ई-केवायसी, पीएम किसानची केवायसी वेगळी, आणि २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन. यातलं एकही काम असं नाही की जमलं तर केलं, नाही जमलं तर सोडून दिलं. हप्ता अडकतो, विमा अडकतो, पोरीचं ॲडमिशन अडकतं.

आणि शिकवलं कुणी? एमएस-सीआयटी बऱ्याच जणांनी केलं, पण नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून केलं. मोबाईलवर ओटीपी का येत नाही, लोकेशन चालू असून ॲप नाही का म्हणतंय, स्टोरेज फुल झाल्यावर काय उडवायचं आणि काय ठेवायचं, हे कुठल्याच क्लासमध्ये नव्हतं. मग माणूस जातो झेरॉक्सच्या दुकानावर, पैसे देतो, वर ओटीपी पण सांगून टाकतो. म्हणून हे मदतीचे ग्रुप टिकणं, त्यात नवी माणसं येणं आणि राहणं हा मला सार्वजनिक प्रश्न वाटतो, पाणी आणि एसटीइतकाच.

आता नवा माणूस का निघून जातो ते जवळून बघा. रात्री दहाच्या सुमाराला ग्रुपवर अहिराणीत मेसेज येतो, "भाऊ, मना फोनमा ओटीपी ई नही ऱ्हायना." बस, एवढंच. विचारणारा पन्नाशीचा, ग्रुपमध्ये आदल्या दिवशी आलेला. पहिलं उत्तर, "आधी वर सर्च करा, हा प्रश्न शंभर वेळा झालाय." दुसरं, "कोणता ओटीपी, कोणतं ॲप, कोणता फोन, अँड्रॉइड व्हर्जन काय, पूर्ण माहिती द्या." तिसरा म्हणतो शुद्ध मराठीत लिहा, सगळ्यांना कळेल असं. चौथा नुसता हसण्याचा इमोजी टाकतो. सकाळी त्याच्या नावापुढे लेफ्ट. आणि अडचण काय होती, तर आधारला जोडलेला नंबर जुना, ते सिम मुलाकडे, मुलगा सुरतला कामाला. ओटीपी येतच होता, पण सुरतला येत होता. "आबा, आधारला हाच नंबर जोडलाय का दुसरा?" हा एक प्रश्न विचारला असता तर अर्ध्या मिनिटात गाडी रुळावर आली असती.

उत्तर देणाऱ्यांपैकी कुणी वाईट माणूस नव्हता हे मला मुद्दाम सांगायचंय. ते थकलेले असतात, तोच प्रश्न खरंच शंभर वेळा आलेला असतो. पण विचारणारा पहिल्यांदाच विचारतोय. त्याला व्हर्जन म्हणजे काय हे माहीत असतं तर तो आलाच नसता. एका वेळी एकच गोष्ट विचारावी, ती पण त्याला बघता येईल अशी, म्हणजे "स्क्रीनवर काय लिहून येतंय त्याचा फोटो टाका, आधार नंबर तेवढा बोटाने झाका." आणि अहिराणीत विचारलं तर अहिराणीत सांगा, लेवा बोलीत विचारलं तर तसं, पावरा आदिवासींच्या भागातला माणूस मोडक्या मराठीत लिहितो तर त्याचं मराठी सुधारायला आपण बसलेलो नाही. टाइप करता येत नसेल तर व्हॉइस नोट चालली पाहिजे. फक्त उत्तर देणाऱ्याने खाली एका ओळीत प्रश्न लिहून ठेवावा, नाहीतर तीन महिन्यांनी दुसऱ्याला तो शोधून सापडत नाही, आवाजात सर्च होत नाही.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची जगातली सगळ्यात मोठी प्रश्नोत्तराची जागा, २००८ ला सुरू झाली, लाखो लोकांचं त्यावर पोट चाललं म्हणायला हरकत नाही. तिथे शिस्त इतकी कडक झाली की नवशिक्याने प्रश्न टाकला की आधीच विचारलंय म्हणून बंद, मायनस मतं, वर टोमणा. २०१८ च्या एप्रिलमध्ये कंपनीनेच जाहीरपणे लिहिलं की आमच्याकडे नव्या लोकांना, बायकांना परकं आणि तुसडं वाटतं आणि हे बदलायला पाहिजे. मग वागण्याचे नियम नव्याने लिहिले, नवीन सदस्याच्या नावाजवळ तशी खूण दिसायला लागली, म्हणजे बाकीच्यांनी जरा सांभाळून घ्यावं. विकिपीडियाचं पण तसंच. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ च्या आसपास सगळ्यात जास्त होते, पुढे घटत गेले, आणि २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की चांगल्या मनाने आलेल्या नव्या माणसाचं पहिलंच लिखाण बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम आणि टूल लावून झटक्यात उडवलं जात होतं, तो पुन्हा फिरकत नव्हता. क्वालिटी सांभाळायला केलेली यंत्रणाच माणसं हाकलत होती. विकिपीडियाने त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ पासूनच, टीहाऊस म्हणून नव्यांसाठी वेगळी जागा केली होती, तिथे कितीही साधा प्रश्न विचारा, कुणी खेकसायचं नाही.

पण नुसतं गोड बोलून भागत नाही. इथे माझं बऱ्याच ॲडमिन लोकांशी पटत नाही. ते म्हणतात आम्ही तर फार प्रेमाने उत्तर देतो, पाच मिनिटांत देतो, तरी लोकं राहत नाहीत. मी म्हणतो पाच मिनिटांत तुम्हीच देता म्हणून राहत नाहीत. काम झालं, आता इथे थांबून करायचं काय? हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीची पार्टी असते तिथे नुसतं ताटावर बसवलेला पाहुणा जेवून निघून जातो, आणि ज्याला पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला बसवलं तो पुढच्या वर्षी न बोलावता हजर असतो.

म्हणून माझी मुख्य सूचना ही आहे, आणि ती जुन्या लोकांना जड जाणार आहे, की सोप्या प्रश्नाला जुन्यांनी निदान तासभर हात लावायचा नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप कसा घ्यायचा, ॲप अपडेट होत नाही, फोटो पीडीएफ कसा करायचा, साइज २०० केबीच्या आत कशी आणायची, असले प्रश्न मागच्या महिन्यात आलेल्यांसाठी सोडायचे. आणि नुसतं गप्प बसायचं नाही तर नाव घेऊन बोलवायचं, "ताई, तुमचं मागच्या आठवड्यात असंच झालं होतं ना, जरा यांना सांगा." ती ताई घाबरत घाबरत दोन ओळी लिहिते, खाली थँक्यू येतं, आणि त्या दिवसापासून ती ग्रुप म्यूट करत नाही. शहाद्याकडची एक अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरचं लॉगिन होत नाही म्हणून आली होती. तिला एकदा असंच पुढे केलं, तर आता त्या ॲपचा कुठलाही प्रश्न आला की इंजिनियर पोरंसुद्धा तिची वाट बघतात, कारण ते ॲप रोज वापरणारी तीच आहे. इंजिनियरला ॲप कसं बनतं ते माहीत असेल, पण लाभार्थ्याचं नाव दोनदा पडलं तर काय करायचं हे तिलाच माहीत.

कुणी म्हणेल चुकीची उत्तरं येतील. येतील ना. त्यासाठी जुने आहेत. चुकीच्या उत्तराखाली "तुम्ही म्हणता तसं जुन्या फोनमध्ये चालतं, नव्यात सेटिंग इथे सरकलंय" असं जोडायचं, बोलणाऱ्याला सगळ्यांपुढे खाली पाडायचं नाही. जुन्यांचं काम बदलतं, ते उत्तर देणाऱ्याऐवजी उत्तर तपासणारे होतात, आणि माझ्या मते त्यांचा थकवा पण याच वाटेने कमी होतो.

एका बाबतीत मात्र तासभर काय एक मिनिट पण थांबायचं नाही, ती म्हणजे पैसे गेले तर. खात्यातून पैसे कटले असा मेसेज दिसला की ज्याला दिसेल त्याने लगेच लिहायचं, १९३० ला फोन लावा, बँकेला कळवा. बाकी चौकशी नंतर. आपल्याकडे पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइल फिरतात, एक क्लिक केलं की फोनचे एसएमएस दुसऱ्याच्या हातात. आणि मदतीचा ग्रुप ही फसवणाऱ्याला सगळ्यात सोपी जागा, कारण इथे अडलेलीच माणसं असतात. कुणीतरी ग्रुपवर प्रश्न टाकतो आणि दोन मिनिटांत अनोळखी नंबरवरून पर्सनल मेसेज येतो, मी करून देतो, हे ॲप टाका, स्क्रीन शेअर करा. म्हणून नियम थोडे ठेवा पण हे ठेवाच, की उत्तर सगळ्यांसमोरच द्यायचं, पर्सनलवर जायचं नाही, ओटीपी आणि पिन कुणीही मागायचा नाही, मागितला तर त्याच क्षणी बाहेर. नवीन माणसाला वेलकमचा भला मोठा मेसेज पाठवण्यापेक्षा या दोन ओळी पाठवा, पंधरा नियमांची यादी कुणी वाचत नाही.

बायकांचं वेगळं लिहावं लागेल. आपल्या ग्रुपमध्ये बायका कमी का, तर त्यांना टेक्नॉलॉजीत रस नाही असं सांगणारे भेटतात. हे साफ चूक आहे. बचत गट, आशा, अंगणवाडी, लाडकी बहीण, पोरांचे फॉर्म, घरातलं निम्म्याहून जास्त मोबाईलचं काम त्याच निस्तरतात. त्या बोलत नाहीत कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की नंबर शेकडो अनोळखी पुरुषांना दिसतो आणि रात्री हाय, हॅलो सुरू होतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, युजरनेमवर काम चालतं, तिथे हलवा. ॲडमिनमध्ये दोन तरी बायका ठेवा, नावापुरत्या नाही, काढून टाकायचा अधिकार असलेल्या. आणि एखाद्याने त्रास दिला तर तो कितीही हुशार असू दे, जाऊ द्या त्याला. एक हुशार माणूस गेल्याने ग्रुप मरत नाही, पण एका ताईला आलेला अनुभव तिच्या अख्ख्या बचत गटात पोचतो. टेलिग्रामचा अजून एक फायदा, ॲडमिनने सेटिंग चालू ठेवली की नव्या माणसाला जुनी सगळी चर्चा दिसते, शोधता येते. आल्याबरोबर कोरी पाटी दिसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

माणसं एकदम किती घ्यायची हा पण विचार लागतो. इंटरनेटच्या जुन्या दिवसांत, वेब यायच्या आधी, युजनेट म्हणून चर्चेची जागा होती. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांत नवी पोरं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, जुने त्यांना वळण लावायचे आणि सगळं शांत व्हायचं. १९९३ पासून घरोघरच्या कनेक्शनमुळे लोंढा असा लागला की तो सप्टेंबर संपलाच नाही असं जुने लोक आजही म्हणतात. नवी माणसं वाईट होती असं नाही, शिकवणारे आणि शिकणारे यांचं प्रमाण बिघडलं. आपल्याकडे पण हंगाम असतात, ते ओळखा. जून-जुलैत ॲडमिशन आणि कागदपत्रं, पावसाळ्यात पीक विमा आणि ई-पीक पाहणी, पुढे स्कॉलरशिपचं महाडीबीटी, आणि मधेच एखाद्या केवायसीची शेवटची तारीख जाहीर झाली की एका रात्रीत दोनशे माणसं. त्या हंगामाच्या आधी तयारी पाहिजे. मागच्या वर्षीच्या प्रश्नांतून दहा नेमके प्रश्न काढून मराठीत आणि अहिराणीत छोटी उत्तरं लिहून पिन करा, आणि रावेर-यावलचे कोण, शिरपूरचे कोण, अक्कलकुव्याचे कोण असे तालुकावार दोन-दोन माणसं ठरवा. तालुका यासाठी की अडचणी वेगळ्या असतात. यावलच्या केळीवाल्याला नेट असतं, त्याला फोटो शेताच्या गटात उभं राहूनच काढायचा आणि लोकेशन चालू ठेवायचं एवढं सांगितलं की झालं. धडगावकडे वरच्या पाड्यांवर रेंजच नाही, तिथल्या माणसाला "नेट ऑन करा" सांगणं म्हणजे त्याला माघारी पाठवणं. त्याला कुठल्या टेकडीवर कुठल्या कंपनीची रेंज येते हे तिथलाच माणूस सांगू शकतो.

यावरूनच तो नेहमीचा प्रश्न येतो, की आता एआय आहे, ग्रुप कशाला? चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न धडाधड कमी झाले हे खरं. एक्सेलचा फॉर्म्युला, विंडोजचा एरर, कोडमधली चूक, हे सगळं मशीन छान सांगतं, मराठीत पण सांगतं, रात्री दोनला पण सांगतं आणि खेकसत नाही. जिथे खेकसणं होतं तिथून माणसं आधी गेली असतील तर मला नवल वाटणार नाही. पण आज दुपारपासून साइटच बंद आहे का माझाच फोन बिघडलाय, चोपड्यात आधारचं सेंटर आज चालू आहे का, अमुक दुकानदार जास्त पैसे घेतो का, हे मशीनला माहीत नसतं. "माझं पण तेच झालंय, संध्याकाळी सातनंतर करून बघा" हे वाक्य फक्त शेजारच्या गावचा माणूस देऊ शकतो. ग्रुपने याच गोष्टींवर भर द्यावा, आणि मशीनचं उत्तर जसंच्या तसं चिकटवणाऱ्याला प्रेमाने थांबवावं. स्वतः करून बघितलं असेल तरच टाका.

मोबाईल रिपेअरवाल्यांना आत घ्या असं मी म्हटलं की काही जण नाराज होतात, जाहिरात करतील म्हणतात. आणि रिपेअरवाले म्हणतात फुकटात सांगत बसलो तर धंदा बसेल. दोघांची भीती मला पटत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दिवसभर फोन उघडणाऱ्या कारागिराला चार्जिंग पोर्टमधला कचरा आणि बॅटरी गेलेली यातला फरक बघताक्षणी कळतो, आपल्याला गुगल करून पण कळत नाही. त्याने सांगितलं की हे घरी होईल, पिन साफ करा, तर माणूस खूश, आणि त्याने सांगितलं की हे उघडावंच लागेल तर माणूस त्याच्याकडेच जाणार, कारण आधी खरं बोललेला आहे. ॲमस्टरडॅममध्ये २००९ ला रिपेअर कॅफे सुरू झाले, लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात, जाणकार माणूस शेजारी बसवून त्यांच्याच हाताने दुरुस्त करवून घेतो. आता ते बऱ्याच देशांत चालतात. महिन्यातून एक रविवार वाचनालयाच्या हॉलमध्ये, नाहीतर एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये असं बसता येईल. चेहरा बघितलेला माणूस ग्रुप सोडत नाही हे मी खात्रीने सांगतो. जळगावला विद्यापीठ आहे, शिरपूर-धुळ्याला इंजिनियरिंग कॉलेजं आहेत, पोरांना प्रोजेक्ट लागतात, लोकांसमोर बसून एका आजीला फोन शिकवणं हा काही कमी प्रतीचा प्रोजेक्ट नाही.

आणि पुण्यातली आपली पोरं. हिंजवडी, खराडीत बसलेले खान्देशचे किती इंजिनियर आहेत, गावची आठवण काढतात, दिवाळीला येतात. त्यांना ग्रुपवर ॲड करून सोडून दिलं तर पाचशे मेसेज बघून तिसऱ्या दिवशी ते म्यूट करतात. त्यांना सोपे प्रश्न देऊच नका. अवघड, दोन-तीन दिवस लटकलेले प्रश्न आठवड्यातून एकदा वेगळे काढून त्यांच्यापुढे ठेवा, नाव घेऊन विचारा, दादा हे तुमच्या कामातलं आहे, बघता का. दहा मिनिटं ते देतील, आनंदाने देतील.

ॲडमिनबद्दल एक शेवटचं आणि जरा कडू. वर्षानुवर्षं एकच माणूस ॲडमिन असला की ग्रुप त्याच्या मूडवर चालतो, तो आजारी पडला, बदली झाली, पोरीचं लग्न निघालं की सगळं ठप्प. ज्या सेविकेने, ज्या केळीवाल्याने, ज्या बारावीच्या पोराने मागच्या हंगामात सगळ्यात जास्त लोकांना धीराने उत्तरं दिली त्याला पुढच्या हंगामाला ॲडमिन करा, जुन्याने बाजूला बसून मदत करावी. पुढच्या पीक पाहणीच्या आधी एवढं एक तरी करून बघा, आणि हंगाम संपल्यावर आलेल्या नव्यांपैकी किती जणांनी दुसऱ्याला उत्तर दिलं तेवढं मोजा, एकूण मेंबर किती झाले ते नका मोजू.